मार्जारकिशोरन्याय आणि परदेशगमन

परदेशीं कायमच्या वास्तव्यासाठीं निघालेल्या मनुष्यानें घरच्या मांजराचें काय करावें, हा प्रश्न मासिकाचीं चार पानें अडविण्याइतका मोठा आहे काय, अशी शंका आमच्या कांहीं वाचकांस येईल. व्हिसा, बिऱ्हाड, मुलांची शाळा, वृद्ध आईबापांची सोय, असे प्रश्न समोर उभे असतां मांजराचा विचार करीत बसणें हा रिकामपणाचा उद्योग होय, असेंहि कोणी म्हणेल. परंतु नीतीच्या प्रश्नाचें मोल त्याच्या विषयाच्या आकारावरून ठरत नाहीं. ज्याला बोलतां येत नाहीं, दाद मागतां येत नाहीं, आणि ज्याच्याशीं कसेंहि वागलें तरी चार लोकांत आपला कमीपणा होत नाहीं, अशा जीवाशीं वागतांना आपल्या कर्तव्यबुद्धीची जितकी पारख होते, तितकी पंचांसमोरच्या वागणुकींत होत नाहीं.

वांद्र्यापुरतें बोलावयाचें तर हा प्रश्न काल्पनिकहि नाहीं. रणवार, चिंबई, पाली या जुन्या वस्त्यांतील ईस्ट इंडियन व गोवेकर कुटुंबांतून कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि आखाती देश यांकडे माणसें जाण्याचा ओघ कित्येक दशकांचा आहे. रेल्वेच्या पूर्वेकडील मराठी वसाहतींतून संगणकाची विद्या शिकलेलीं मुलें अमेरिकेस व युरोपांत गेलीं, त्यासहि एक पिढी लोटली. पूर्वीं अशा वेळीं घरचें मांजर गल्लीच्या हवालीं होई, आणि त्यांत कोणास विशेष गैर वाटत नसे. बंगल्याचा ओटा, शेजारचें स्वयंपाकघर, चिंबईच्या कोळणींची टोपली, यांवर त्याचा निर्वाह चालत असे; मालक गेला तरी त्याचें जग बहुतांशीं शिल्लक राही. आतांचें मांजर पांचव्या-सातव्या मजल्यावर, खिडकीस जाळी लावलेल्या घरांत वाढतें. गल्ली त्यानें वरून पाहिलेली असते, इतकेंच. त्याचा मालक गेला म्हणजे त्याचें जगच उठून जातें. सहारचा विमानतळ येथून तीन कोसांच्या आंत आहे. पण त्या तीन कोसांच्या प्रवासास मांजरापुरतें किती दिवस लागतात, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. म्हणून प्रथम वस्तुस्थिति सांगतों.

युरोपीय संघाचा नियम असा आहे. आधीं मांजराच्या कातडीखालीं तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवावयाची. तिच्यांतील १५ अंकी क्रमांक हीच त्याची ओळख. त्यानंतर रेबीजची लस. चिपेपूर्वीं टोंचलेली लस हिशेबांत धरीत नाहींत, व टोंचतेवेळीं मांजर निदान १२ आठवड्यांचें असावें लागतें. लसीनंतर ३० दिवस उलटल्यावर रक्त काढून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेंत पाठवावयाचें; त्यांतील प्रतिपिंडांचें प्रमाण दर मिलिलिटरास ०.५ आंतरराष्ट्रीय एककांहून कमी असतां कामा नये. निकाल अनुकूल आला तरीहि, रक्त काढल्या दिवसापासून ३ महिने पुरे झाल्यावांचून भारतांतून निघालेल्या मांजरास त्या देशांत प्रवेश नाहीं. ब्रिटनचा नियमहि भारतापुरता बहुतेक असाच आहे. शिवाय तेथें विमानानें येणारें मांजर मालवाहतुकीच्या खात्यांतून व ठराविक मार्गांनींच उतरवावें लागतें. ऑस्ट्रेलियाचा नियम याहून कडक. भारतांतून तेथें मांजर थेट नेतांच येत नाहीं. दुसऱ्या एखाद्या मान्य देशांत नेऊन, तेथून पुढें न्यावें लागतें, आणि पोंचल्यावर मेलबर्नजवळच्या मिकलहॅम येथील सरकारी केंद्रांत त्याला निदान १० दिवस वेगळें राहावें लागतें. अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारचा नियम मात्र मांजरांपुरता सैल आहे. तें निरोगी दिसलें म्हणजे पुरे. लसीचा दाखला मागावयाचा कीं नाहीं, हें त्या त्या राज्यावर व विमानकंपनीवर सोपविलेलें आहे. याखेरीज निघतांना आपल्या केंद्र सरकारच्या पशु-विलगीकरण खात्याचा आरोग्याचा दाखला लागतो, आणि पिंजरा आंतरराष्ट्रीय विमान-वाहतूक संघटनेच्या नियमाप्रमाणें असावा लागतो: मांजरास त्यांत सरळ उभें राहतां यावें, वळतां यावें, आणि अंग पसरून निजतां यावें. गुंगीचें औषध देऊं नये असा सल्ला आहे, कारण उंचावर श्वासावर व रक्तदाबावर त्याचा परिणाम काय होईल याचा नेम नसतो. म्हणजे तो प्रवास मांजरास जागेपणीं, पूर्ण शुद्धींत करावा लागतो.

हे नियम निष्ठुर आहेत असें म्हणणें सोपें आहे. पण त्यांच्या मुळाशीं कारण आहे. रेबीजचें विष शरीरांत शिरल्यावर आठवडेच काय, कधीं कधीं महिनेहि गुप्त राहतें. लस टोंचण्यापूर्वींच ज्याला बाधा झाली असेल त्याचा रोग या प्रतीक्षेच्या काळांत उघड व्हावा, हा तीन महिन्यांचा हेतु. इंग्लंडांत एके काळीं परदेशांतून आलेल्या मांजरास सहा महिने सरकारी देखरेखीखालीं कोंडून ठेवीत. २००० सालापासून तो नियम टप्प्याटप्प्यानें सैल होत गेला. त्या कोंडवाड्याच्या मानानें आजची प्रतीक्षा, जी मांजर आपल्याच घरीं काढूं शकतें, ही दयेचीच म्हटली पाहिजे.

या सर्व आंकड्यांतून आम्हांस नीतीच्या दृष्टीनें एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. महिना आणि तीन महिने मिळून चार महिने झाले; चिप, लस, टपाल व दाखले यांचे दिवस निराळे. मनुष्यास मात्र नोकरीचें पत्र हातीं पडल्यापासून निघण्यापर्यंत बहुधा याहून कमी अवधि मिळतो. अशा घाईंत माणसें कामांची यादी करतात, आणि त्या यादींत मांजर शेवटीं येतें. कारण तें आठवण करून देत नाहीं. शेवटच्या पंधरवड्यांत जेव्हां त्याची पाळी येते, तेव्हां नियम आडवे आले असें सांगितलें जातें. वस्तुतः नियम आडवा आलेला नसतो, उशीर आडवा आलेला असतो. आणि तो उशीर हाच, कोणी मुखानें न उच्चारलेला, निर्णय असतो. पुष्कळशीं नैतिक कृत्यें आपण करीत नाहीं, तीं आपल्याकडून होऊं देतों. मांजर मागें राहणें हें बहुधा त्या जातीचें कृत्य असतें.

असा निर्णय होऊन गेल्यावर त्याचें समर्थन शोधावें लागतें, आणि तें तयारच असतें. कुत्रें माणसाचें, मांजर घराचें, असें आपल्याकडे म्हणतात. तेव्हां त्याला त्याच्या घरापासून तोडण्यांतच क्रूरपणा आहे, असा हा युक्तिवाद. यांत सत्यांश आहे. मांजर आपल्या गालाच्या ग्रंथींचा वास दाराच्या चौकटीस, खुर्चीच्या पायास घाशीत हिंडतें, आणि त्या वासानेंच जागा ओळखीची करून घेतें. पोत्यांत घालून गांवाबाहेर सोडलेलें मांजर परत आल्याच्या गोष्टी प्रत्येक गांवीं ऐकूं येतात. पण घर राहील, हें या म्हणीनें गृहीत धरलें आहे. वांद्र्यांत तें कोण गृहीत धरील? येथें कौलारू बंगला जाऊन मजल्यांची इमारत उभी राहते, तीहि पाडून मनोरा उभा राहतो. पूर्वेकडच्या शासकीय वसाहतींत नोकरी संपली कीं घराची किल्ली परत द्यावी लागते. रिकाम्या घराला कुलूप लागल्यावर त्या घराचें मांजर म्हणून कोणीं दूध घालावें? मालकानें विकलेली जागा मांजराची राहते, असें कोणत्या खरेदीखतांत लिहिलेलें असतें?

शिवाय, मांजराला प्रवास सोसत नाहीं असें इतिहास म्हणत नाहीं. सायप्रस बेटावर शिलूरोकाम्बोस येथें मनुष्याच्या शेजारीं पुरलेलें एक मांजर सांपडल्याचें २००४ सालीं प्रसिद्ध झालें. तें सुमारें ९,५०० वर्षांपूर्वींचें असून, मेलें तेव्हां अवघें आठ महिन्यांचें होतें. त्या बेटावर मांजराची जात मुळांत नव्हती. अर्थात् समुद्र ओलांडून नव्या भूमीवर वस्तीस गेलेल्या शेतकऱ्यांनींच त्याची जात होडींतून तेथें नेली. मनुष्य आणि मांजर यांच्या सहवासाचे जे अगदीं जुने पुरावे आहेत, त्यांपैकीं एक असा स्थलांतराचा आहे. तें मांजर स्वखुशीनें होडींत चढलें असें आम्ही म्हणत नाहीं. मांजराची संमति नाहीं, हा आक्षेप नेण्यावर जितका लागू आहे तितकाच ठेवण्यावर. कारण मागें ठेवतांनाहि त्याला कोणीं विचारलेलें नसतें. तेव्हां संमतीच्या मापानें हा प्रश्न सुटत नाहीं; दुसरें माप शोधलें पाहिजे.

तें माप आम्हांस एका जुन्या दृष्टांतांत सांपडतें. श्रीवैष्णवांमध्यें शरणागतीविषयीं जो प्रसिद्ध वाद झाला, त्यांत वडकलै पंथानें मर्कटकिशोरन्याय पुढें केला: माकडाचें पिलूं आईच्या पोटास स्वतः घट्ट धरून असतें, तसा जीवानें आपला प्रयत्न सोडूं नये. तेंकलै पंथानें मार्जारकिशोरन्याय पुढें केला: मांजरीचें पिलूं कांहींच करीत नाहीं, आई त्याला मानेला धरून उचलते आणि तें अंग सैल सोडतें. वेदान्त्यांनीं या दृष्टांताचा विचार पिलाच्या बाजूनें केला, कारण त्यांना जीवाचा धर्म ठरवावयाचा होता. आम्हांस येथें तो आईच्या बाजूनें करावयाचा आहे. जें सर्वस्वीं सैल पडलें आहे, त्याला उचलणाराचा धर्म कोणता?

मांजरीकडेच पाहिलें तर उत्तर मिळतें. ती आपलीं पिलें सात घरें फिरविते, असें आपण लहानपणापासून ऐकतों. हें ती हौसेनें करीत नाहीं; पहिली जागा धोक्याची वाटली म्हणूनच ती हलते. नवी जागा ती आधीं हेरून ठेवते, मग पिलूं उचलते. आणि एक पोंचविल्यावर दुसऱ्यासाठीं परत येते. आधीं जागा, मग पिलूं, आणि शेवटचें पिलूं येईपर्यंत खेपा, हा तिचा क्रम आहे. मनुष्याचा क्रम याच्या उलट असतो: स्वतः आधीं, सामान नंतर, आणि जें सैल पडलें आहे तें सर्वांच्या शेवटीं, जमल्यास.

आमचें म्हणणें असें कीं, या बाबतींतील कर्तव्य प्रेमांतून उत्पन्न होत नाहीं, तें आपण निर्माण केलेल्या परावलंबनांतून उत्पन्न होतें. प्रेम कमीजास्त होतें. नव्या देशाच्या ओढीनें तें पातळहि होतें. परंतु आपण ज्याला जाळीच्या आंत वाढविलें, ज्याची शिकारीची विद्या वापरावांचून गंजविली, आपल्या सोयीसाठीं ज्याची नसबंदी केली, आणि ठराविक वेळीं वाटी भरून ज्याला भुकेचा अर्थ विसरावयास लाविलें, त्याचें आपल्यावरचें ऋण आपल्या भावनेच्या भरतीओहोटीवर अवलंबून राहत नाहीं. उलट, गल्लींतलें जें मांजर पांच घरीं जेवतें, त्याच्या पांच घरांपैकीं आपण एक. त्याला ममतेच्या भरांत उचलून टोरोंटोच्या हिवाळ्यांत एका खोलींत कोंडणें, यांत त्याचें हित किती व आपली हौस किती, याचा विचार झाला पाहिजे. त्याच्या बाबतींत आपली वाटी दुसऱ्या कोणाच्या हातीं सोपवून जाणें एवढेंच कर्तव्य उरतें. फार म्हातारें झालेलें, मूत्रपिंडाच्या विकारानें खंगलेलें मांजर, अथवा चपट्या नाकाचें पर्शियन, ज्याला श्वासाचा त्रास म्हणून कांहीं विमानकंपन्या घेतहि नाहींत, त्यांच्याविषयीं पशुवैद्याचा शब्द आपल्या इच्छेहून मोठा मानावा. सर्वांस एकच नियम लावतां येणार नाहीं. पण कोण कोणावर किती अवलंबून आहे, हा प्रश्न सर्वांस एकच लागू पडतो.

या ठिकाणीं आपल्या जुन्या समजुतींतील एक उणीव दाखविणें अवश्य आहे. मांजर मारणें हें आपल्याकडे घोर पातक. त्यासाठीं सोन्याचें मांजर करून दान द्यावें, अशी समजूत घरोघर होती. पण त्याच घरांतून मांजर पोत्यांत घालून ओढ्यापलीकडे सोडून येत, आणि त्याला प्रायश्चित्त नव्हतें. मारण्याचें पाप मोजलें, सोडण्याचें मोजलें नाहीं. कारण सोडल्यानंतर काय होतें तें आपल्या डोळ्यांआड होतें. १९६० सालच्या प्राण्यांना क्रूरतेनें वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यानें ही उणीव कांहींशी भरून काढली. सबळ कारणावांचून प्राण्यास, त्याची उपासमार व्हावी अशा स्थितींत, सोडून जाणें हा त्यानें गुन्हा ठरविला. पहिल्या गुन्ह्यास दंड मात्र १० ते ५० रुपये ठेविला. कायद्यानें गुन्हा ओळखला, पण त्याची किंमत पोत्याच्या किंमतीजवळच ठेविली! पुढें १९७६ सालच्या घटनादुरुस्तीनें प्राणिमात्रांविषयीं दया बाळगणें हें नागरिकाच्या मूलभूत कर्तव्यांत घातलें गेलें. पण सोडून जाणारा मनुष्य जेव्हां विमानांत बसतो, तेव्हां दंड आणि कर्तव्य दोन्ही मागें राहतात. त्याच्याबरोबर जाईल तें त्याचें मनच.

आतां प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट आक्षेप घेऊं. ज्या शहरांत माणसें पदपथावर निजतात, त्या शहरांतून एका मांजरास समुद्रापलीकडे नेण्यासाठीं पैसा ओतणें, हें दयेचें विडंबन नव्हे काय? आणि ज्यानें आईबापांस वांद्र्यास ठेविलें, त्यानें मांजर बरोबर नेलें, ही गोष्ट ऐकावयास तरी बरी वाटते काय? या आक्षेपाचा पहिला भाग आम्हांस तितका अवघड वाटत नाहीं. त्या पैशानें पदपथावरील माणसास निवारा मिळणार असता तर गोष्ट निराळी; पण मांजर सोडून जाणारा तो पैसा तेथें देतो, असा अनुभव नाहीं. शिवाय आपण स्वतः अंगावर घेतलेलें ऋण फेडण्यास, जगांत याहून मोठीं दुःखें आहेत, हें उत्तर पुरत नाहीं. तसें पुरलें असतें तर कोणतेंच लहान ऋण कोणीं फेडलें नसतें.

दुसरा भाग मात्र खोल आहे, आणि तो नवा नाहीं. महाप्रस्थानिक पर्वांत इंद्र रथ घेऊन आला, तेव्हां हस्तिनापुरापासून मागें येणाऱ्या कुत्र्यास सोडून वर येण्यास युधिष्ठिर कबूल होईना. त्या वेळीं इंद्रानें हाच प्रश्न केला: भाऊ आणि द्रौपदी यांस वाटेंत टाकून आलास, मग या कुत्र्यासाठींच एवढा हट्ट कां? युधिष्ठिराचें उत्तर असें कीं, तीं मरून पडलीं, त्यांना उठविणें माझ्या हातीं नव्हतें. जिवंत असतां मीं त्यांचा त्याग केला नाहीं. या उत्तराची धार पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. कुत्र्यास न सोडणें हें त्याचें भूषण तेवढ्याचमुळें ठरतें, कीं त्यानें जिवंत माणसांस आधीं सोडलेलें नव्हतें. तेव्हां आईबापांस टाकून मांजर नेणारास युधिष्ठिराचा आधार घेतां येणार नाहीं.

पण आईबाप आणि मांजर यांस परस्परांविरुद्ध तराजूंत घालणें हेंच मुळांत चुकीचें आहे. वांद्र्याच्या घरांतून प्रत्यक्षांत घडतें तें निराळेंच. मुलगा किंवा मुलगी निघते, आणि मांजर आईबाबांकडे राहतें. आई पाहील, असें म्हटलें जातें. कित्येकदां ही उत्तम व्यवस्था असते. पण ती व्यवस्था आहे कीं नुसतें टाकणें आहे, हें एका गोष्टीवरून कळतें: आईस विचारलें होतें काय? गुडघे धरलेल्या सत्तरीच्या बाईनें मांजराच्या वाळूची पेटी रोज साफ करावी, तें आजारी पडल्यास रिक्षा करून पशुवैद्याकडे न्यावें, हें काम आहे. आणि काम देतांना विचारावें लागतें. याच्या उलटहि घडतें. रिकाम्या झालेल्या घरांत संध्याकाळीं दाराशीं येऊन बसणारें तें एकच जिवंत उरलेलें असतें. मुलानें पहिल्या वर्षीं स्वतः जावें आणि दुसऱ्या वर्षीं कागदपत्रें पुरीं करून मांजरहि न्यावें, म्हणजे त्या घरास दुसऱ्यांदा निरोप घ्यावा लागतो. ज्यानें वाटी भरली तोच काय तो मालक, असें कायदा म्हणेल. पण मांजर ज्याच्या पायांशीं निजतें त्याचाहि त्यांत भाग असतो. परावलंबन एकाच बाजूचें असतें असें नाहीं, आणि माप लावतांना दोन्ही पारडीं पाहिलीं पाहिजेत.

म्हणून मांजर न्यावें कीं न न्यावें, याचा एकच निकाल देण्यास आम्ही तयार नाहीं. नेणें हेंच प्रेम आणि ठेवणें हीच निष्ठुरता, असें मानणारांस आम्ही मांजरीच्या सात घरांकडे बोट दाखवूं: तेथें हलविण्यास कारण लागतें. ठेवणें हेंच शहाणपण असें मानणारांस विचारूं, कीं ज्याच्याकडे ठेविलें त्याच्या घरीं तें तुमच्यादेखत महिनाभर राहून रुळलें काय? नेणारास सांगूं, कीं पिंजरा आठवडे आधीं आणून घरांत उघडा ठेवा, त्यांतच त्याला जेवूं घाला, त्याच्या अंगाखालचें जुनें फडकें आंत पसरा. आणि पोंचल्यावर सगळें नवें घर एकदम त्याच्यापुढें न टाकतां आधीं एक खोली त्याची होऊं द्या. आणि ज्याचा प्रतीक्षेचा काळ पुरा होत नाहीं त्याला सांगूं, कीं मांजर मागाहून येऊं शकतें. मधल्या महिन्यांसाठीं, ज्यानें विचारल्यावर होकार दिला आहे असें माणूस हवें, एवढेंच.

या सर्वांस जें समान आहे तें म्हणजे वेळ. निकाल कोणताहि असो, तो आधीं झालेला असावा. सामान बांधून झाल्यावर उरलेल्या जागेंत झालेला नसावा. ज्या दिवशीं परदेशच्या नोकरीचा अर्ज लिहावयास मनुष्य बसतो, त्याच दिवशीं मांजराच्या चिपेची व लसीची तारीख त्यानें लिहून ठेवावी. अर्ज नामंजूर झाला तर एक लस टोंचली गेली, इतकेंच होईल. मंजूर झाला तर नेणें आणि ठेवणें हे दोन्ही मार्ग त्याच्यापुढें उघडे असतील, आणि जो तो पत्करील तो त्यानें निवडलेला असेल.